दारावरचा तीनचा आकडा

"फादर, एखाद्या सिनेमात सहा आज्ञा मोडलेल्या असतील, आणि आम्ही तिसरी मोडून झाल्यावर उठून बाहेर आलो, तर आम्हाला पापं तीन लागतील की सहा?"

प्रश्न माझा नव्हता. तोंड माझं होतं, पण प्रश्न मिरेय आणि जोझियान यांनी मिळून रचला होता, आणि मी तो विचारूच शकणार नाही अशी पैज लावली होती. गेल्या वर्षी त्या जिंकल्या असत्या. गेल्या वर्षीपर्यंत मी दोन वेण्या घालून शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचे आणि फळ्यापाशी बोलावलं की घशात माशाचा काटा अडकल्यासारखी उभी राहायचे. या सप्टेंबरात मी वेण्या कापून टाकल्या. आई दोन दिवस बोलली नाही. पप्पा म्हणाले, तुला कान आहेत हे आजच कळलं. त्या दिवसापासून मला कशाचीच भीती वाटेनाशी झाली होती. वर्गात मी हात वर करत होते, दुकानात मोठ्यांच्या आधी बोलत होते, आणि गुरुवारी सकाळच्या धर्माच्या तासाला खुद्द फादर तूर्नमीन यांना पापांचा हिशोब विचारत होते.

फादरांनी नाकावरचा चष्मा वर सरकवला. रागावतील असं वाटलं होतं, पण ते आधी हसले. मग म्हणाले, "तीन बघितल्याची. आणि उरलेल्या तीन तू घरी जाऊन मनात रचशील ना, रेजीन, त्या दिग्दर्शकापेक्षा जास्त रंगवशील. त्यांची वेगळी."

अख्खा वर्ग हसला, आणि फादरांच्या बाजूनं हसला. मिरेयसुद्धा. पैज मी जिंकले होते, पण हरल्यासारखं वाटत होतं. तास सुटल्यावर मी दोघींना अंगणात गाठून सांगितलं, सिनेमा आपण बघणार. चोरून नाही, तिघींच्या आयांच्या परवानगीनं बघणार. जोझियान म्हणाली, तुझ्या आईला वेड लागलंय का? मी म्हटलं, ते माझ्यावर सोड.

सिनेमा स्टेशनसमोरच्या 'ईडन'मध्ये लागायचा होता. सहा छोट्या गोष्टी, प्रत्येक गोष्टीत दहा आज्ञांपैकी एकीची फजिती. उरलेल्या चार आज्ञांमध्ये बहुतेक विनोद सापडला नसावा. पोस्टरवर एक लठ्ठ मठवासी, शेजाऱ्याच्या भिंतीवरून खरबुजाकडे टक लावून बघणारा एक माणूस, आणि स्टुलावर बसून पायमोजा चढवणारी किंवा उतरवणारी एक बाई होती. चढवतेय की उतरवतेय यावर आम्ही शाळेच्या वाटेवर तीन दिवस वाद घातला.

पण आमच्या गावात सिनेमा बघायचा की नाही हे पोस्टर बघून ठरत नाही. ते चर्चच्या दारावर ठरतं. पॅरिसहून दर आठवड्याला छापील पत्रक येतं, त्यात प्रत्येक सिनेमासमोर आकडा असतो. तीन म्हणजे सगळ्या कुटुंबानं बघावा. चार म्हणजे मोठ्यांनी. 'चार ब' म्हणजे मोठ्यांनीही दहा वेळा विचार करून. पाच म्हणजे त्या रस्त्यानंसुद्धा जाऊ नये. आपल्या गावात लागणारे सिनेमे त्यातून निवडून एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहायचे आणि रविवारच्या मिस्सेच्या, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेच्या, आधी दारावर लावायचे. हे लिहिण्याचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे होतं, कारण शाळेत माझं अक्षर पहिलं आलं होतं. वाचून दाखवण्याचं काम आन्सेल्मकाकांकडे होतं.

आन्सेल्मकाका म्हणजे चर्चच्या घंटा वाजवणारे, मेणबत्त्या लावणारे, वेदीचं कापड बदलणारे, थंडीत शेगडी पेटवणारे. एकतीस वर्षं. घंटाघराच्या बुडाशी एक खोली आहे, तिथंच ते राहतात. त्यांची नजर अधू झाली होती हे सगळ्यांना माहीत होतं. ईस्टरला त्यांनी पांढऱ्याऐवजी जांभळं कापड अंथरलं होतं आणि मिस्सा सुरू झाल्यावर फादरांच्या ते लक्षात आलं होतं. गावानं आठवडाभर चघळलं आणि सोडून दिलं.

तर शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी नेहमीसारखी चर्चच्या मागच्या खोलीत गेले. काका खिडकीपाशी उभे होते, पत्रक नाकाला टेकेल इतकं जवळ. एक एक सिनेमा वाचत होते, मी लिहीत होते. मग तो सिनेमा आला. काका म्हणाले, "चार. थांब. चार ब." अगदी स्पष्ट म्हणाले.

मी तीन लिहिला.

हात थरथरला असं सांगितलं तर बरं दिसेल, पण नाही थरथरला. उलट तो तीन इतका सुबक आला की मी वरच्या गोलाला थोडी शेपटी काढली. काकांनी पत्रकाची घडी घातली आणि नेहमीप्रमाणे शेगडीत टाकली. मला एवढंच सुचलं, की बघा फादर, आता कोण हसतंय.

माझी चूक इथं झाली. म्हणजे पाप तर होतंच, पण चूकसुद्धा होती, आणि ती मूर्खपणाची होती. माझ्या डोक्यात त्या दारासमोर फक्त तीन आया उभ्या होत्या. माझी, मिरेयची आणि जोझियानची. तो कागद बाकीचं गावही वाचतं, हे दोन वर्षं तो लिहूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं.

रविवारी आई दारापाशी थांबली, वाचलं, म्हणाली, "तीन? पोस्टर बघून वाटलं नव्हतं हो." परवानगी मिळाली. जोझियाननं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी संतच झाले होते. तिला मी काहीच सांगितलं नाही. मिरेयलाही नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही 'ईडन'मध्ये जाऊन बसलो, आणि दिवे मंद होण्याच्या जरा आधी दार उघडलं आणि सिस्टर क्लोतिल्द आत आल्या. त्यांच्यामागे दोन-दोनच्या रांगेत सव्वीस मुली. चर्चच्या मुलींच्या मंडळाची सहल. सगळ्यात लहान आठ वर्षांची. मी खुर्चीत खाली सरकले.

पहिल्या चार गोष्टी बऱ्या गेल्या. खरबुजाच्या गोष्टीला तर सिस्टर क्लोतिल्दच सगळ्यात मोठ्यानं हसल्या. मला वाटलं, निभावलं. पाचव्या गोष्टीत स्टुलावरची बाई आली आणि आमचा वाद मिटला. उतरवतच होती. एकच नाही, दोन्ही, आणि नंतरही थांबेना. सिस्टर क्लोतिल्द उभ्या राहिल्या आणि कोंबडीनं पिलांवर पंख पसरावेत तसा त्यांनी झगा पसरला, पण सव्वीस पिलांना एक झगा कुठवर पुरणार. नोटरीसाहेबांची धाकटी वेरोनिक त्यांच्या काखेतून बघत होती. मी तिच्याकडे बघत होते. पडद्यावर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही.

रविवारी नोटरीसाहेबांकडे जेवायला पाहुणे होते, त्यांत आजोळचे एक वृद्ध धर्मगुरू. फळं आल्यावर वेरोनिक खुर्चीवर चढली आणि तोंडानं ढँ ढँ वाजवत तिनं एक मोजा काढून धर्मगुरूंच्या ताटलीत टाकला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आमच्या औषधाच्या दुकानात बायका डोळे पुसून हसत होत्या. मीही हसले. खोटं कशाला, मला सुटल्यासारखं वाटलं होतं, की हे हसण्यावारीच जाईल.

सोमवारी कुणी हसत नव्हतं. वेरोनिकची आई, मादाम देलेस्त्राक, चर्चच्या कमिटीच्या अध्यक्ष आहेत. त्यांनी शेजारच्या गावी माणूस पाठवून तिथल्या चर्चच्या दारावर काय लिहिलं होतं ते विचारून आणवलं. चार ब. मग त्यांनी आमच्या दारावरच्या नव्या यादीखालची जुनी यादी बघितली. तीन. आणि मला कुणी काही विचारायच्या आतच सगळ्यांना उत्तर सापडलं होतं. आन्सेल्म. अहो, त्याला दिसतंय कुठं. ईस्टरचं जांभळं आठवतंय ना.

मी बोलले नाही. दुकानात माझ्यासमोर हे बोलणं झालं, मी काउंटरवरच्या खोकल्याच्या गोळ्यांच्या बरण्या ओळीनं लावत होते, आणि बोलले नाही. सप्टेंबरपासून माझं तोंड बंद होत नाही अशी आईची तक्रार होती.

बुधवारी कमिटी बसली. पप्पा कमिटीचे सचिव आहेत, कागदपत्रं तेच लिहितात, त्यामुळे आम्हाला जेवताना सगळं कळतं. मादाम देलेस्त्राक म्हणाल्या, माणसाला कामावरून मोकळं करा आणि जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात पाठवा, त्याच्याही भल्याचंच आहे. खोली नव्या माणसाला लागेल. यावर फादर तूर्नमीन यांनी टेबलावर मूठ आपटली. एकतीस वर्षं आणि एक आकडा, म्हणाले, माझे चुकलेले आकडे मोजायला बसलात तर मीही उद्या वृद्धाश्रमात. इतके चिडले की शाईची दौत कलंडली. निर्णय पुढच्या सोमवारवर गेला. पप्पा शर्टाची बाही दाखवत होते, शाईचा डाग होता. आई म्हणाली, फादर आहेत तोवर आन्सेल्मला भीती नाही. मी दुसऱ्यांदा सूप मागून घेतलं.

शुक्रवारी पुन्हा यादी लिहायला गेले. न जाण्याचं कारण सुचेना. काकांनी कुणाकडून तरी भिंग आणलं होतं. भिंग, त्याच्यावर चष्मा, आणि तरी प्रत्येक आकडा तीनदा वाचायचे. मग पत्रक माझ्यापुढे धरून म्हणायचे, "तू बघ गं पोरी. तुझे डोळे चांगले. चारच आहे ना?" मी हो म्हणायचे. सात सिनेमे होते. सात वेळा मी हो म्हटलं.

शनिवारी मी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली द्यायला, गेले. मी पळून गेले असं म्हणणार नाही, मला खरंच सांगायचं होतं. सांगण्याची जागा तीच, असं लहानपणापासून शिकवलंय. कबुलीच्या लाकडी पेटीत गुडघे टेकले, जाळीपलीकडे फादरांचा कान दिसत होता, आणि मी सगळं एका दमात सांगितलं. चार ब, तीन, शेपटी, काका.  

फादर हळू आवाजात म्हणाले, "तू इथं जे सांगितलंस, ते मला बाहेर माहीत नाही. कळतंय तुला?"

"हो फादर."

"नीट ऐक. मला माहीत नाही. सोमवारीही नाही. जे मोडलंय ते तुलाच जोडायला लागेल, आणि ते या पेटीबाहेर. कबूल?"

मी कबूल म्हटलं. मी कशालाही कबूल म्हटलं असतं. मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं: फादर माझं नाव कुठं येऊ देणार नाहीत, आणि आता खरं काय ते त्यांना कळलंय, तेव्हा काकांचं ते बघून घेतील. जोडायचं म्हणजे काय, तर मी घरी जाऊन आईकडून सफरचंदाचा केक करायला शिकले आणि रविवारी काकांना नेऊन दिला. प्रायश्चित्त म्हणून दहा वेळा नमो मरिया ही प्रार्थना म्हणायला सांगितलं होतं, मी वीस वेळा म्हटलं. रविवारी मिस्सेत मला पिसासारखं हलकं वाटत होतं. मिरेय म्हणाली, काय गं, प्रेमात पडलीस का कुणाच्या?

मंगळवारी दुपारी मसूर आणि डुकराचं खारं मांस होतं. पप्पांनी रुमाल गळ्यात खोचला आणि म्हणाले की सोमवारचं झालं एकदाचं. आन्सेल्म सर्व संतांच्या सणापर्यंत, म्हणजे एक नोव्हेंबरपर्यंत राहील, थडग्यांवर शेवंतीच्या कुंड्या मांडायला माणूस लागतोच, आणि त्यानंतर वृद्धाश्रम. पत्र आज गेलं, पप्पांच्या सहीनं, आणि नवा माणूस पुढच्या सोमवारच्या बैठकीत ठरेल.

मी विचारलं, फादर काय म्हणाले?

"तेच तर नवल," पप्पा म्हणाले. "काही नाही. बुधवारी दौत सांडणारा माणूस, काल अवाक्षर नाही. मादामनी तीनदा विचारलं, फादर, आपलं मत? नुसते हाताकडे बघत बसले. मी तर आन्सेल्मच्या बाजूनं हात वर करणार होतो. पण फादरच गप्प, म्हटल्यावर."

आई म्हणाली, त्यांनाही पटलं असेल शेवटी.

मी मसुराची ताटली बाजूला सारली. आधी फादरांचा राग आला, असा की डोळ्यांत पाणी आलं. खरं माहीत असून गप्प बसले. भित्रे. मग शाळेत, भूगोलाच्या तासाला, नदीला रंग देताना ते मला कळलं, आणि एकदम कळलं नाही, हळूहळू गार पाणी बुटात शिरावं तसं कळलं. बुधवारी त्यांना काही माहीत नव्हतं म्हणून ते बोलू शकत होते. आता त्यांना माहीत होतं, आणि ते पेटीत कळलेलं होतं. पेटीतलं कळलेलं वापरायचं नसतं, एका शब्दानं नाही, एका मुठीनं नाही. आता टेबलावर हात आपटला तर तो हात माझ्या कन्फेशनमधून आलेला असेल, अशी त्यांना भीती. काकांच्या बाजूनं बोलणारा गावात एकच माणूस होता आणि त्याचं तोंड मी जाऊन बंद करून आले होते. आणि वर काकांना केक खाऊ घातला होता.

तरीही मी दोन दिवस काढले. हेही सांगायला हवं. बुधवारी मी जोझियानबरोबर हातमोजे बघायला गेले आणि दहा मिनिटं मला खरंच काही आठवलं नाही.

गुरुवारी धर्माचा तास झाल्यावर मी फादरांच्या घरामागच्या बागेत गेले. ते कोबीवरच्या अळ्या वेचून पत्र्याच्या डब्यात टाकत होते. पलीकडे त्यांचं घर सांभाळणारी लेओंतीन चादरी वाळत घालत होती, आणि लेओंतीनच्या कानावर पडलेली गोष्ट बेकरीपर्यंत जायला पाव तास लागतो.

मी म्हटलं, "फादर, आन्सेल्मकाकांची काही चूक नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

ते सरळ उभे राहिले. त्यांचा चेहरा मी आजवर इतका कोरा बघितला नव्हता. पुसलेल्या फळ्यासारखा.

"मला काय माहीत आहे?" ते म्हणाले. आणि मग, प्रत्येक शब्द जणू तोलून, "तुला मला काही सांगायचं असेल, तर मी ऐकतोय, रेजीन. इथं. हा डबा खाली ठेवून ऐकतो."

त्यांनी खरंच डबा खाली ठेवला. वाट बघत राहिले. चादरींमागे लेओंतीनचे बूट थांबले होते. एक वाक्य होतं फक्त, पाच-सहा शब्दांचं. ते विचारू शकत नव्हते. ते मला बोटानं दाखवूसुद्धा शकत नव्हते. त्यांच्या हातात होतं ते एवढंच, डबा खाली ठेवणं.

मी म्हटलं, "यंदा अळ्या फार आहेत."

"हो," फादर म्हणाले. "फार आहेत." आणि वाकून त्यांनी डबा उचलला. इतके हळू वाकले की मला तेव्हा ते आन्सेल्मकाकांपेक्षा म्हातारे वाटले.

बागेतून घरी जायची वाट घंटाघरावरून जाते. दार उघडं होतं. काका खाटेवर बसून पुठ्ठ्याच्या पेटीत सामान भरत होते. फार नव्हतंच. दोन शर्ट, दाढीचं सामान, लढाईतला एक फोटो. दाराशी शेवंतीच्या कुंड्यांची रांग, पिवळ्या आणि गंजाच्या रंगाच्या. मला बघून त्यांना आनंद झाला. केक छान होता म्हणाले. खालून थोडा करपला होता, पण छान होता. मग म्हणाले, "तू मनाला लावून घेऊ नकोस हं. मादाम मला म्हणाल्या, की लिहिणाऱ्या मुलीचीही चूक असेल. मी सांगितलं त्यांना, मादाम, त्या पोरीचा हात चुकत नाही. माझा डोळा चुकतो. ती मी सांगेन तेच लिहिते."

 मी कुंड्यांपाशी खाली बसले.

"काका, तुम्ही चार ब म्हणाला होतात."

"काय?"

"तुम्ही बरोबर वाचलं होतं. मी तीन लिहिला. मुद्दाम. आम्हाला सिनेमाला जायचं होतं म्हणून."

त्यांनी हातातला शर्ट घडी न करता मांडीवर ठेवला.  रागावण्याची मी वाट बघत होते, मला ते हवंच होतं.

"मी चार ब म्हणालो होतो?"

"हो. आधी चार म्हणालात, मग थांब म्हणालात, मग चार ब."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. "दहा दिवस," ते म्हणाले, "दहा दिवस मी या डोळ्यांना शिव्या घालतोय. पायऱ्या मोजून उतरतोय. मला वाटलं, आता आपल्याला दिसतं तेही खरं नसतं." मग चष्मा घालून त्यांनी खाटेलगतच्या भिंतीवरचं कॅलेंडर नाक टेकेल इतक्या जवळून वाचायला सुरुवात केली. ऑक्टोबर, गुरुवार, पंचवीस. संतांची नावंसुद्धा वाचली. बरोबर वाचली.

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "हे बघ. पत्र निघालंय. त्यावर तुझ्या बापाची सही आहे. तू पंधरा वर्षांची पोर, तुला या गावात राहायचंय, लग्न करायचंय. माझं काय, तिथं म्हणे प्रत्येक खोलीत गरम पाण्याचे नळ आहेत. मला कळलं, बास. मी कुणाला सांगणार नाही. या कानाचं त्या कानाला नाही."

किती सोपं होतं ते. पुन्हा एक माणूस माझ्यासाठी तोंड बंद करून घ्यायला तयार होता. आणि मला ते हवं होतं, एक क्षणभर इतकं हवं होतं की माझ्या तोंडात बरं काका हे शब्द तयार होते.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही तरी बंद करू नका."

 काकांनी कोनाड्यातल्या घड्याळाकडे बघितलं, उठले, दोराशी गेले. बारा वाजले होते. त्यांनी मला बाजूला हो अशी खूण केली आणि दोर ओढला. तीन टोले, थांबून तीन, थांबून तीन, आणि मग सगळी घंटा सुटली. मी घरापर्यंत त्या आवाजात चालत गेले. रस्त्यात बेकरीवाली काही तरी म्हणाली, मला ऐकू आलं नाही.

घरी पालक आणि अंडी होती. पप्पा दुकानाचा पांढरा कोट काढून येऊन बसले होते, आई पाव कापत होती. आईनं विचारलं, धर्माच्या तासाला एवढा वेळ कसा गं लागतो, आणि हे काय, गुडघ्याला माती? मी बसले नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले.

मी त्यांना सांगितलं. तीन मी लिहिला, हे आधी सांगितलं, कारण ते शेवटी सांगायचं ठरवलं असतं तर मी सूप, हवामान, अळ्या असं काहीही बोलत बसले असते. आईच्या हातातली सुरी पावातच राहिली. पप्पांनी रुमाल गळ्यातून काढला, घडी केली, पुन्हा उघडला. ते म्हणाले, तुला कळतंय का, त्या पत्रावर माझी सही आहे. मी म्हटलं, कळतंय. आई म्हणाली, अगं, कन्फेशनला जा, फादरांना सांग, ते काही तरी मार्ग काढतील. मी म्हटलं, तिथं जाऊन आले, म्हणून तर हे झालं.  पप्पा म्हणाले की ते मादाम देलेस्त्राकना एकट्यात भेटतील, गैरसमज झाला असं सांगतील, नाव न घेता मिटवतील, तू यात पडू नकोस.

"नाही पप्पा," मी म्हटलं.  "नाव न घेता ते काकांच्याच नावावर राहील. सोमवारी कमिटी बसेल तेव्हा मी येणार आहे. मादाम, सिस्टर क्लोतिल्द, तुम्ही, सगळे असताना उभी राहून सांगणार आहे, की आकडा मी बदलला आणि काकांनी बरोबर वाचला होता. फादर असतील तिथं, त्यांनाही ते सगळ्यांसमोर ऐकू दे. तुम्ही मला बरोबर नेलंत तर तुमच्याबरोबर येईन. नाही नेलंत तर एकटी येईन."